दोन लाखांच्या पुढे चाललेल्या टर्बो डिझेलचं रीमॅपिंग: करावं का, आणि आधी काय तपासावं?

दूरचा पल्ला

नमस्कार मंडळी,

गाडी दोन लिटरची कॉमन रेल टर्बो डिझेल, सहा गिअरची मॅन्युअल. कंपनीचा आकडा १४० अश्वशक्ती आणि ३२० न्यूटन-मीटर. मीटरवर २,१४,००० किमी. पहिल्यापासून माझ्याकडेच आहे. ऑइल वेळच्या वेळी बदललंय, टायमिंग बेल्ट वॉटर पंपासकट बदलून झालाय. टर्बो, इंजेक्टर, क्लच, फ्लायव्हील सगळं मूळचं. डीपीएफ, म्हणजे एक्झॉस्टमधला काजळीचा फिल्टर, तोसुद्धा मूळचा आहे आणि तो काढायचा नाही, हे आधीच सांगते.

नवी गाडी घ्यायची इच्छा नाही. हिच्यात बसून दिवसभर चालवलं तरी अंग दुखत नाही, आणि ते माझ्यासाठी महत्त्वाचं आहे. फक्त भरल्या गाडीने चढ चढताना आणि ओव्हरटेक करताना जोर कमी पडतो. एका ट्यूनरने स्टेज १ मध्ये (फक्त सॉफ्टवेअर बदलून) १८० अश्वशक्ती आणि ४०० न्यूटन-मीटर देतो म्हणून सांगितलं. ओबीडी पोर्टमधून (स्कॅनर जोडायच्या सॉकेटमधून) काम, तासाभरात गाडी हातात. गाडी किती चालली आहे हे त्याने विचारलंच नाही, म्हणून मी थांबले.

इतक्या चाललेल्या इंजिनाला हा भार झेपेल का? आधी काय काय तपासून घेऊ? मायलेज वाढतं म्हणतात त्यात तथ्य किती? ज्यांनी जुन्या गाडीवर हे केलंय त्यांनी जरूर लिहा.

वंगण

ताई, किलोमीटर न विचारता आकडा सांगणाऱ्याला गाडी दिली नाहीत हे उत्तम केलंत. जरा सविस्तर लिहितो.

अ‍ॅक्सिलरेटर दाबला की ईसीयू (इंजिनाचा कंट्रोल कॉम्प्युटर) लगेच डिझेल सोडत नाही. त्याच्या लेखी पेडल म्हणजे टॉर्कची मागणी. तेवढ्या टॉर्कसाठी दर स्ट्रोकला किती मिलिग्रॅम डिझेल लागेल हे तो काढतो आणि मग त्यावर एकेक मर्यादा लावत जातो: टॉर्कची, धुराची, तापमानाची, गिअरबॉक्सची. यातली जी सर्वांत कमी असेल तेवढंच डिझेल सिलिंडरमध्ये जातं. शिवाय बूस्ट (टर्बोने हवेला दिलेला दाब) किती, रेलमधला (सगळ्या इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या नळीतला) दाब किती, इंजेक्शन कधी सुरू करायचं आणि किती वेळ चालू ठेवायचं, यांचे वेगळे तक्ते. रीमॅप म्हणजे या तक्त्यांतले आकडे बदलणं. इंजिनाचा एक स्क्रूसुद्धा बदलत नाही.

मग जास्तीची ताकद येते कुठून? कंपनीने राखून ठेवलेल्या भागातून. हलकं डिझेल, प्रचंड ऊन, विरळ हवा, चुकवलेली सर्व्हिसिंग, प्रदूषणाच्या मर्यादा, हे सगळं धरून कंपनी इंजिनाला त्याच्या कुवतीच्या बरंच आत चालवते. टर्बो डिझेलमध्ये ही राखीव कुवत भरपूर असते, म्हणून २० ते ३० टक्के वाढ केवळ सॉफ्टवेअरमधून निघते. टर्बो नसलेल्या इंजिनात ५ ते १० टक्क्यांवर फारसं काही मिळत नाही.

आता तुमच्या गाडीचा खरा मुद्दा. झीज होते तीही याच राखीव कुवतीतून भागते. रिंगा थोड्या झिजल्या, इंजेक्टरची फवारणी थोडी बिघडली, टर्बोच्या व्हेनवर (एक्झॉस्टचा झोत वळवणाऱ्या हलत्या पात्यांवर) काजळी बसली, रेडिएटरच्या पंखांत माती अडकली, तरी गाडी रोजच्यासारखी चालते, कारण शिल्लक आहे. रीमॅप त्याच खात्यातून दुसऱ्यांदा पैसे काढतो. त्यामुळे किती किलोमीटर झाले यापेक्षा शिल्लक किती उरली हे बघायचं. नीट सांभाळलेलं दोन लाखांचं इंजिन रीमॅप सहज झेलतं. हाल झालेलं ऐंशी हजारांचं झेलत नाही.

भार किती वाढतो त्याचा अंदाज देतो. दोन लिटरच्या इंजिनात ३२० न्यूटन-मीटरला पिस्टनवरचा सरासरी परिणामकारक दाब साधारण २० बार पडतो. ४०० ला तो २५ बार होतो. पिस्टन, कनेक्टिंग रॉडची बेअरिंग, हेड गॅस्केट, क्लच, सगळ्यांवर ही पाव पट वाढ येते, आणि तीही कमी आरपीएमला, जिथे बेअरिंगमधला ऑइलचा थर सर्वांत पातळ असतो.

तपासणीचा क्रम मी असा ठेवेन. सुरुवात स्कॅनरने. सध्याचे कोडच नाहीत, इतिहासात पडलेलेही बघा. पी०२९९ म्हणजे बूस्ट कमी पडला होता, पी०२३४ म्हणजे जास्त झाला होता. दुसरा बहुतेक वेळा काजळीने अडकणाऱ्या व्हेनमुळे येतो, आणि अशा टर्बोवर रीमॅप टाकला की गाडी चढावर लिंप मोडमध्ये (इंजिन वाचवायला ताकद कापणाऱ्या अवस्थेत) जाऊन मान टाकते.

मग टर्बोपासून इनटेकपर्यंतच्या हवेच्या वाटेची गळती. स्मोक मशीन असलेल्या गॅरेजमध्ये दहा मिनिटांत कळतं. नंतर लॉग, म्हणजे चालत्या गाडीतल्या आकड्यांची नोंद: तिसऱ्या गिअरमध्ये १५०० आरपीएमपासून पेडल पूर्ण दाबून ४००० पर्यंत, आणि त्यात मागितलेला बूस्ट, मिळालेला बूस्ट, हवेचं वजन, रेल प्रेशर मागितलेलं आणि मिळालेलं. मोकळा रस्ता बघून, गाडी चालवणारा एक आणि लॅपटॉप बघणारा दुसरा, असंच करा.

त्यानंतर इंजेक्टरची रिटर्न टेस्ट (किती डिझेल न फवारता परत जातं ते) आणि आयडलिंगवर ईसीयू प्रत्येक सिलिंडरच्या डिझेलमध्ये किती कमी-जास्त करतो ते. याला मी सर्वांत जास्त महत्त्व देतो. ज्या इंजेक्टरचा नोझल बिघडला आहे तो डिझेलची वाफसर फवारणी न करता धार सोडतो. मूळ मॅपवर ते वर्षानुवर्षं खपून जातं. रीमॅपनंतर तीच धार जास्त वेळ पिस्टनच्या माथ्यावर पडते आणि अ‍ॅल्युमिनियमला भोक पडतं. डिझेल इंजिनात वितळलेला पिस्टन दिसला की पहिला संशय इंजेक्टरवर घ्यावा.

कॉम्प्रेशन टेस्ट शेवटी. अशा इंजिनात २५ बारच्या पुढे आकडे आले आणि सिलिंडरांमधला फरक दोन-तीन बारच्या आत राहिला तर काळजी नको. आणि टर्बोचा शाफ्ट: बाजूला किंचित हलणं ठीक, कारण तो ऑइलच्या थरावर तरंगतो. मागे-पुढे हललेला जाणवता कामा नये. या आकाराचे टर्बो मिनिटाला दोन लाख फेऱ्यांच्या आसपास फिरतात, तिथे खेळीला जागा नसते.

टर्बोनाद

वंगण यांनी सगळं बरोबर लिहिलंय, पण ताई, घाबरून जाऊ नका. माझी गाडी जुनी असतानाच रीमॅप केली आणि आजही मस्त पळते. गाडीचं वय दहा वर्षांनी कमी झाल्यासारखं वाटतं. चौथ्या गिअरमध्येच चढ निघून जातो, तिसरा टाकावा लागत नाही. इंजिनाला काही झालं नाही. क्लच मात्र काही महिन्यांत गेला. तोही जुनाच होता म्हणा.

शिकाऊ

रीमॅपपेक्षा ट्यूनिंग बॉक्स बरा ना? लावला, काढला. ईसीयूला हातच लागत नाही.

वंगण

शिकाऊ, बहुतेक स्वस्त बॉक्स रेल प्रेशर सेन्सरच्या तारेत बसतात आणि ईसीयूला दाब खऱ्यापेक्षा कमी दाखवतात. ईसीयू बिचारा दाब वाढवतो, डिझेल जास्त जातं, पण किती जास्त गेलं हे त्याला ठाऊक नसतं. म्हणजे धुराची मर्यादा, टॉर्कची मर्यादा, डीपीएफमध्ये किती काजळी साठली याचा हिशेब, सगळं चुकीच्या आकड्यावर चालतं. शिवाय जुन्या पंपावर आणि इंजेक्टरवर दाबाचा जादा ताण. अशा गाडीवर बॉक्स नकोच. चांगल्या रीमॅपमध्ये निदान सगळे तक्ते एकमेकांशी जुळवून बदलता येतात.

टर्बोनाद, तुमच्या क्लचवरूनच पुढचा मुद्दा निघतो. इंजिन टिकलं आणि क्लच गेला, कारण टॉर्क कुठे वाढवला याकडे कुणी बघितलं नाही. ग्राहकाला खूश करायला ट्यूनर १६००-१८०० आरपीएमला टॉर्कचा कडा उभा करतात. पाठीला धक्का बसतो, माणूस हसत गाडीतून उतरतो. पण तिथेच क्लच घसरतो, ड्युअल मास फ्लायव्हीलच्या (दोन भागांच्या, धक्के शोषणाऱ्या फ्लायव्हीलच्या) स्प्रिंगा आपटतात, टर्बो कमी हवेत जास्त दाब करायला धडपडतो आणि धूर होतो.

चाललेल्या गाडीसाठी वक्र वेगळा मागायचा. १५०० ला मूळच्याइतकाच टॉर्क, तिथून हळूहळू चढत २००० ते २२०० ला कमाल, आणि पुढे ३५०० पर्यंत मूळच्यापेक्षा जास्त धरून ठेवलेला. ओव्हरटेक करताना तुम्ही याच पट्ट्यात असता. कमाल टॉर्कचा आकडा ३६० च असला तरी गाडी रस्त्यावर ४०० वाल्या धक्केबाज फाइलपेक्षा चांगली वाटेल. ट्यूनरशी बोलताना कमाल आकडा विचारू नका, आलेख दाखवायला सांगा. ज्याला आलेखावर बोलता येत नाही तो तयार फाइल विकत घेऊन टाकणारा आहे असं समजा.

उंचावरचा

चढ म्हणालात म्हणून एक भर घालतो, कारण हे क्वचितच कुणी सांगतं.

बूस्टचे आकडे दोन पद्धतींनी बोलले जातात. ईसीयू निरपेक्ष दाब मोजतो, म्हणजे बाहेरची हवा धरून. २.२ बार निरपेक्ष म्हणजे समुद्रसपाटीला गेजवर १.२ बार. ट्यूनरशी बोलताना कोणता आकडा चालला आहे हे आधी ठरवून घ्या, नाहीतर एका बारची चूक होते.

समुद्रसपाटीला २.२ बार मिळवायला टर्बोला हवा २.२ पट दाबावी लागते. २००० मीटर उंचीवर बाहेरचा दाबच ०.८ बारच्या आसपास असतो, म्हणजे तेच २.२ बार करायला २.७५ पट. तितकं दाबायचं तर टर्बोला खूप जास्त वेगाने फिरावं लागतं. म्हणून कंपनीच्या मॅपमध्ये उंचीनुसार बूस्ट कमी करणारा तक्ता असतो. घाईच्या रीमॅपमध्ये बूस्टची मागणी वाढवतात आणि हा तक्ता तसाच ताणून ठेवतात, किंवा सपाट करून टाकतात. सपाटीवरच्या डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर) सगळं छान दिसतं. डोंगरात, भरल्या गाडीत, टर्बो मर्यादेपलीकडे फिरतो आणि शाफ्ट किंवा कॉम्प्रेसरचं चाक जातं. चढासाठी रीमॅप करणाऱ्याने तर हा तक्ता शाबूत आहे ना हे विचारायलाच हवं.

हिशेबी

मायलेजबद्दल मी लिहितो.

एका वेगाने, अर्ध्या-पाव पेडलवर चाललेल्या गाडीला रस्त्यावर जेवढी ताकद लागते तेवढीच रीमॅपनंतरही लागते. तेवढ्या ताकदीला लागणारं डिझेल इंजिनाच्या कार्यक्षमतेवर ठरतं, आणि रीमॅपमध्ये बदललेला भाग मुख्यतः पूर्ण पेडलचा असतो. त्यामुळे ‘मायलेज १५ टक्के वाढेल’ यावर विश्वास ठेवू नका. थोडा फायदा होतो तो वरच्या गिअरमध्ये जास्त वेळ राहता आल्यामुळे. आणि पाय जड असेल तर तोही जातो.

लोक डॅशबोर्डचा फोटो टाकतात आणि म्हणतात बघा, वाढलं. डॅशबोर्डवरचा आकडा ईसीयूने स्वतः किती डिझेल मागितलं यावरून काढलेला असतो, टाकीत मोजून नाही. काही ट्यूनर मागणीचा तक्ता तसाच ठेवतात आणि इंजेक्शनची वेळ लांबवतात. ईसीयूला वाटतं ५५ मिलिग्रॅम दिलं, जातात ६५. गाडी जास्त पिते आणि डॅशबोर्ड कमी दाखवतो! टाकी काठोकाठ भरून किलोमीटर आणि लिटर यांचा हिशेब करा, रीमॅपच्या आधी काही टाक्या आणि नंतर काही टाक्या, त्याच रस्त्यावर. तेवढाच पुरावा.

टर्बोनाद

हिशेबी, माझा डॅशबोर्ड खरंच दोन किलोमीटर जास्त दाखवतो. टाकीवरून मोजून बघतो.

लहान इंजिन

धाग्याचा विषय डिझेलचा आहे, पण माझी टर्बो पेट्रोल आहे, थेट इंजेक्शनवाली, दीड लाखाच्या पुढे. हेच नियम लागू का?

वंगण

तपासणी बरीचशी तीच, धोका वेगळा. डिझेलमध्ये जादा इंधनाने उष्णता वाढते. पेट्रोलमध्ये जादा बूस्टने नॉकिंग होतं, म्हणजे मिश्रणाचा काही भाग आपोआप पेटून ठोके बसतात. ईसीयू नॉक सेन्सरचं ऐकून इग्निशन मागे घेतो, मग ताकदही जाते आणि एक्झॉस्टचं तापमान चढतं. मॅप ज्या ऑक्टेनसाठी बनवलाय तेच पेट्रोल कायम भरायचं, हे बंधन पाळता येणार नसेल तर करू नका.

लहान टर्बो पेट्रोल इंजिनांत आणखी एक प्रकार आहे: कमी आरपीएमला, जास्त भारावर, ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेटतं. सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइल-पेट्रोलचे थेंब किंवा साठलेल्या काजळीचे कण याला कारणीभूत होतात. एका फटक्यात पिस्टनची रिंगेजवळची कड तुटू शकते. म्हणून इथेही १५००-१८०० ला टॉर्क चढवू नये. तुमच्या इंजिनात थेट इंजेक्शन असल्यामुळे इनटेक व्हॉल्व्हवर पेट्रोल पडत नाही, ते धुतले जात नाहीत, आणि दीड लाखात त्यांच्यावर जाड काजळी बसलेली असणार. ती साफ करून घ्या, प्लग आणि कॉइल बदला, मिसफायरचे आकडे बघा. त्यानंतर गाडी कशी वाटते ते बघून ठरवा.

कागदोपत्री

कायद्याचा आणि विम्याचा विषय कुणीच काढला नाही म्हणून लिहिते. गाडीला मान्यता मिळते ती इंजिन, एक्झॉस्ट आणि त्याचं सॉफ्टवेअर या सगळ्याला मिळून मिळते. सॉफ्टवेअर हा दुय्यम भाग नाही. २०१५ मध्ये फोक्सवॅगनचं डिझेल प्रकरण उघड झालं ते सॉफ्टवेअरमधल्या लबाडीचंच होतं. नंतर युरोपात त्या प्रकरणातल्या दोन लिटरच्या इंजिनांना फक्त नवं सॉफ्टवेअर दिलं गेलं, आणि १.६ लिटरच्या इंजिनांना सॉफ्टवेअरसोबत हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या आधी एक जाळीचा भाग बसवावा लागला.

तुमच्याकडच्या नियमांत काय बसतं ते आधी बघा, आणि विमा कंपनीला लेखी कळवा. न कळवता अपघात झाला तर दाव्याच्या वेळी हा बदल तुमच्या विरोधात जाऊ शकतो. विकायची वेळ आली तर पुढच्या मालकालाही सांगा. ते इंजिन पुढे तोच वापरणार आहे.

दूरचा पल्ला

सगळ्यांचे मनापासून आभार. वंगण यांचा क्रम छापून गॅरेजमध्ये नेला. निष्कर्ष देते.

सध्याचा कोड एकही नाही. इतिहासात पी०२९९. कॉम्प्रेशन २७, २६.५, २७, २६ बार. इंजेक्टरची रिटर्न चारही जवळपास सारखी, तिसऱ्याची किंचित जास्त पण मर्यादेत. टर्बोचा शाफ्ट मागे-पुढे अजिबात हलत नाही. इंटरकूलरच्या (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणाऱ्या भागाच्या) वरच्या होजला क्लिपजवळ चीर, दाब आला की उघडते. लॉगमध्ये २००० आरपीएमला मागणी २३५० मिलिबार, मिळतात २०५०. हवा दर स्ट्रोकला ९४० मिलिग्रॅम. रेल प्रेशर मागणीबरोबर चालतं.

क्लच: सहाव्या गिअरमध्ये १६०० वरून पेडल पूर्ण दाबलं तर आरपीएमचा काटा क्षणभर एकटाच वर जातो, मग सावरतो.

होज बदलायला सांगितली आहे. आता पुढे?

वंगण

ताई, कॉम्प्रेशनचे आकडे वाचून फार बरं वाटलं. इंजिन निरोगी आहे, तुम्ही ते छान सांभाळलंय.

आता ९४० मिलिग्रॅमकडे बघा. डिझेल पूर्ण जळायला वजनाने साधारण १४.५ पट हवा लागते, पण धूर टाळायला ईसीयू कमीत कमी १७-१८ पट धरतो. १७.५ धरलं तर ९४० मिलिग्रॅम हवेला जास्तीत जास्त ५४ मिलिग्रॅम डिझेल. तुमच्या इंजिनाला ३२० न्यूटन-मीटर काढायला अंदाजे ५८ लागतं. म्हणजे धुराच्या मर्यादेने तुमचा टॉर्क कधीचाच कापला आहे, आणि तुम्हाला चढावर जाणवतो तो तोटा बराचसा हाच. होज बदलल्यावर हवा १०८० च्या आसपास गेली पाहिजे, मग ६१ पर्यंत वाव मिळतो.

या फुटक्या होजवर त्या ट्यूनरची ४०० वाली फाइल टाकली असती तर काय झालं असतं तेही मांडतो. ४०० ला सुमारे ७२ मिलिग्रॅम डिझेल हवं. धुराची मर्यादा उघडून टाकली असती तर ९४० ला ७२, म्हणजे १३ पट हवा. जळायलाच पुरत नाही. काळा धूर, एक्झॉस्टचं तापमान वर, डीपीएफ भरत राहणार, आणि गळती भरून काढायला टर्बो आणखी जोरात फिरणार. हे सगळं एका रबरी होजसाठी.

नव्या होजवरसुद्धा ४०० नीट, धुराविना काढायचे तर १२६० मिलिग्रॅम हवा लागेल. त्यासाठी बूस्ट २७०० मिलिबारच्या पुढे न्यावा लागेल, आणि २,१४,००० किमी फिरलेल्या टर्बोकडून मी तो मागणार नाही. ३६० न्यूटन-मीटरला साधारण ६५ मिलिग्रॅम डिझेल, ११४० हवा, बूस्ट २४५० ते २५००. हे झेपणारं आहे. वर १६५ अश्वशक्तीच्या आसपास थांबा.

टर्बोनाद

सहमत. आणि क्लच आधी बदला ताई. मूळच्या टॉर्कलाच घसरतोय तर ३६० ला उभाही राहणार नाही. गिअरबॉक्स एकदा उतरवला की ड्युअल मास फ्लायव्हीलही त्याच वेळी. मजुरी दोनदा देण्यात अर्थ नाही.

उंचावरचा

क्लच बदलायला गाडी गॅरेजमध्ये जाणारच आहे, तर टर्बोला ऑइल नेणारी बारीक नळी काढून बघा. आतून कोळसा धरलेला असेल तर नवीच घाला. बरेच टर्बो स्वतःच्या दोषाने जात नाहीत, ऑइल न पोहोचल्याने जातात. आणि रेडिएटर-इंटरकूलरच्या मधली माती धुऊन घ्या, गरम झालेल्या हवेत दाब असून वजन कमी भरतं.

हिशेबी

होज बदलल्यावर आणि क्लच झाल्यावर लगेच रीमॅपला जाऊ नका, थोडे दिवस चालवा. कदाचित तुम्हाला हवी होती ती गाडी तशीच परत मिळेल.

दूरचा पल्ला

होज बसली, नळी बदलली, रेडिएटर धुतला. लॉगमध्ये २००० ला २३४०, हवा १०७५. हिशेबी म्हणाले तसा फरक मोठा आहे, चढावर तिसरा कमी वेळा टाकावा लागतो. क्लच-फ्लायव्हीलचं काम ठरलंय. त्यानंतर ओव्हरटेकसाठी थोडा जोर अजून हवाच आहे, म्हणून ३६० च्या मर्यादेत करायचं ठरवते आहे. दुसरा एक ट्यूनर मिळाला, त्याने स्वतःहून आधीचे लॉग मागितले. त्याच्याकडून काय काय लेखी घेऊ?

वंगण

लॉग मागणारा ट्यूनर म्हणजे निम्मं काम झालं.

तुमच्या ईसीयूमधून वाचलेली मूळ फाइल स्वतःजवळ घ्या, दुसऱ्या गाडीची नव्हे, तुमचीच. बदललेलीही घ्या. लिहिताना बॅटरीला स्थिर पुरवठा देणारा चार्जर जोडलेला हवा, मध्येच व्होल्टेज पडलं तर ईसीयू अर्धवट लिहिला जातो. त्याला साध्या शब्दांत सांगा: १५०० पर्यंत मूळचाच टॉर्क, कमाल ३६० आणि तीही २००० नंतर, धुराची मर्यादा शाबूत, एक्झॉस्ट तापमानाचं आणि उंचीचं नियंत्रण शाबूत, डीपीएफ आणि ईजीआरला (एक्झॉस्टचा काही वायू परत इनटेकमध्ये नेणाऱ्या यंत्रणेला) हात नाही, इंजेक्शनची वेळ लपवून लांबवायची नाही.

एक सावधगिरी. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने नवं सॉफ्टवेअर टाकलं तर तुमचा मॅप पुसला जातो. शिवाय काही कंपन्यांच्या यंत्रणेला बदललेलं सॉफ्टवेअर ओळखता येतं आणि गाडीच्या नोंदीत ते कायमचं लागतं. वॉरंटी संपली असली तरी माहीत असू द्या.

रीमॅपनंतर तोच तिसऱ्या गिअरचा लॉग पुन्हा. मिळणारा बूस्ट मागणीच्या वर उसळून मग खाली येत असेल तर व्हेनचं नियंत्रण त्याला परत जुळवायला लावा. डीपीएफचं रिजनरेशन (साठलेली काजळी जाळून टाकणं) किती किलोमीटरला होतं याची नोंद आत्तापासूनच ठेवा. रीमॅपनंतर ते अंतर बरंच कमी झालं तर काजळी वाढली आहे, आणि फाइलमध्ये डिझेल कमी करायला सांगा. फिल्टरमधली काजळी ६०० अंशांच्या आसपास जळून जाते, ऑइलची राख जळत नाही, ती साठतच जाते. म्हणून कमी राखेचं, डीपीएफसाठीचंच ऑइल, आणि बदलायचं अंतर पूर्वीपेक्षा कमी. मोठ्या चढानंतर इंजिन लगेच बंद करू नका, शेवटचे काही किलोमीटर हलक्या पायाने या.

शिकाऊ

शेवटचं एक विचारतो. माझी ड्युअल क्लच ऑटोमॅटिक आहे. क्लच तपासायला सहावा गिअर धरता येत नाही, मग कसं बघायचं?

वंगण

मॅन्युअल मोडमध्ये वरचा गिअर धरून बघता येतं, पण त्याआधी गिअरबॉक्सची कुवत बघा. उदाहरणार्थ फोक्सवॅगन गटाचा सात गिअरचा कोरड्या क्लचचा डीक्यू२०० हा २५० न्यूटन-मीटरसाठी बनवलेला आहे, सहा गिअरचा ओल्या क्लचचा डीक्यू२५० हा ३५० साठी. पहिल्यावर तुमचं इंजिन कंपनीकडूनच २५० देत असेल तर तिथे शिल्लक उरलेलीच नाही, इंजिन कितीही ठणठणीत असो. गिअरबॉक्सच्या स्वतःच्या कंट्रोलरमध्येही टॉर्कची मर्यादा असते. इंजिनाचा ईसीयू बदलून ती उठत नाही, आणि दोघांचे आकडे जुळले नाहीत तर गिअर बदलताना झटके बसतात. स्कॅनरमध्ये दोन्ही क्लचचं तापमान आणि अ‍ॅडाप्टेशनचे (झिजेनुसार गिअरबॉक्सने स्वतः केलेल्या जुळवणीचे) आकडे दिसतात, ते आधी काढून इथे टाका, मग बोलू.